दुसरा भाग चांगला निघालेले ॲनिमेशनपट सांगा (सुट्टी + ऊन + सासूबाई)

कडक_भाकरी

नमस्कार मंडळी. मुक्काम जुळे सोलापूर. काल पारा ४३ ला टेकला होता, आज त्याच्याही वर असणार, कारण आमच्या गच्चीवरचे पापड अकराच्या आत वाळले.

घरात माझी दोन (वय ९ आणि ६), पुण्याहून आलेला भाचा (वय ११, अतिशहाणा) आणि सासूबाई. साडेदहानंतर पोरांना अंगणात पाऊल टाकू देत नाही. म्हणजे संध्याकाळी सहापर्यंत सगळा कारभार एका खोलीत, एका कूलरसमोर. पाणी चार दिवसांआड, त्यामुळे कूलरही मोजूनमापून.

ठेवणीतले सगळे सिनेमे पहिल्याच आठवड्यात संपले. पहिले भाग पोरांना संवादांसकट पाठ आहेत. दुसरे भाग लावू म्हटलं तर भाचा म्हणतो, "मामी, सेकंड पार्ट बोअरच असतात." खरं सांगू का, माझंही मत तेच आहे. पहिल्यात छावा मोठा होतो, दुसऱ्यात त्याचा छावा मोठा होतो. शिळ्या भाकरीचा कुस्करा, वरून फोडणी.

तरी विचारते. फारसे कुणी न पाहिलेले पण पाहण्यासारखे दुसरे-तिसरे भाग कोणते? अटी तीन. दीड तासाच्या आसपास आटपावा (लाईटचा नेम नाही), धाकटी रडू नये, आणि सासूबाईंना कळावा. त्या अक्कलकोटकडच्या, कन्नड पक्कं, मराठी चांगलं, हिंदीशी नुसती तोंडओळख.

चिवडा_चहा

पहिला! जागा धरून ठेवतो, सिनेमा आठवला की लिहितो.

तोवर एक निषेध नोंदवतो. आयडी कडक_भाकरी आणि शिळ्या भाकरीला नावं ठेवताय? कडक भाकरी आठवडाभर टिकते म्हणून तर आपण खातो ओ.

जेकार्ड_अण्णा

ताई, 'द रेस्क्यूअर्स डाउन अंडर' लावा. १९९० चा. पहिला भाग १९७७ चा आहे, तो पाहिला नसला तरी काही अडत नाही. अडलेल्या पोरांना सोडवणारी उंदरांची संघटना आहे, तिच्यातले बर्नार्ड आणि बियान्का हे दोघं या वेळी ऑस्ट्रेलियात जातात, एवढंच माहीत असलं की झालं.

सुरुवातीलाच कोडी नावाचा पोरगा कड्यावर अडकलेल्या भल्यामोठ्या सोनेरी गरुडीणीला सोडवतो आणि मग ती त्याला पाठीवर घेऊन उडते. ती पाच मिनिटं मोठ्या पडद्यावर बघायला मिळाली नाहीत याचं मला आजही वाईट वाटतं.

आता थोडं विषयांतर, पण करतोच. मी पूर्व भागातला, उभी हयात चादरीच्या डिझाइनमध्ये गेली. पूर्वी आलेख कागदावर एकेक चौकोन ब्रशनं भरायचो. लाल कुठं उठणार, पिवळा कुठं दबणार, सगळं चौकोनात. त्यावरून पुठ्ठ्याची कार्डं ठोकायची, कार्डं ओवून माळ करायची आणि जेकार्डवर, म्हणजे मागावर नक्षी उठवणाऱ्या यंत्रावर, चढवायची. एक भोक चुकलं की निघणाऱ्या प्रत्येक चादरीत तीच चूक. मग संगणक आला. आमच्यातले जुने लोक म्हणाले, आता हात गेला. हात गेला नाही. चित्र हातानंच काढायचो, भरणावळ तेवढी मशिनीकडं गेली.

या सिनेमात नेमकं तेच झालंय. त्याआधी डिस्नेत पारदर्शक प्लॅस्टिकच्या पातळ तावांवर हातानं रंग भरायचे. सगळीच्या सगळी रंगाई संगणकात झालेला त्यांचा हा पहिला पूर्ण सिनेमा. रेघ कागदावरची, माणसाच्या हातची, रंग संगणकातला. गरुडीणीची पिसं बघा म्हणजे कळेल मी काय म्हणतोय.

आणि चालला का नाही? १६ नोव्हेंबर १९९० ला लागला, त्याच दिवशी 'होम अलोन' लागला. पहिल्या शनिवार-रविवारचा गल्ला बघून स्टुडिओनं टीव्हीवरच्या जाहिरातीच बंद केल्या. संपला विषय.

गड्ड्यातला_पाळणा

अण्णा, सिनेमा सांगितलाव का डिझाइनचा क्लास घेतलाव? हाहाहा. पण लै भारी. आज रात्रीच बघतो.

शंकेखोर

एक शंका. पहिल्यानंतर तेरा वर्षांनी आलेला, वेगळ्या देशात घडणारा, पहिला न बघता कळणारा सिनेमा. याला दुसरा भाग म्हणायचं कशाला? पात्रं तीच असलेली स्वतंत्र गोष्ट म्हणा.

चिवडा_चहा

शंकेखोर आले. आता धागा शंभरी गाठणार.

मिनू_पुणे

मी मूळची बाळीवेशीतली, आता पुण्यात. माझं मत 'कुंग फू पांडा २' (२०११) ला. पहिला सगळ्यांनी पाहिलाय, दुसऱ्याकडे "पुन्हा तीच ढिशूम" म्हणून माझ्या ओळखीत निम्म्यांनी पाठ फिरवली. चूक केली.

पहिल्या भागात पांडाचा बाप बदक आहे यावर सगळा सिनेमाभर कुणी अवाक्षर काढत नाही. आपण हसतो आणि सोडून देतो. दुसऱ्या भागाने तोच विनोद उचलला आणि त्याची गोष्ट केली. पो बापाला विचारतो, मी आलो कुठून? मग तो सांगतो, मुळ्याच्या पेटीत सापडलास. मुळे खाऊन बसला होतास. आधी हसू येतं आणि नंतर घशात अडकतं. जुन्या आठवणी आल्या की चित्रांची शैलीच बदलते, सपाट, कागदावर काढल्यासारखी होते. खलनायक मोर आहे, शेन. फटाक्याच्या दारूची तोफ करणारा. इतका देखणा खलनायक मुलांच्या सिनेमात मी तरी दुसरा पाहिला नाही.

दिग्दर्शन जेनिफर यू नेल्सन यांचं. हॉलिवूडच्या मोठ्या स्टुडिओचा ॲनिमेशनपट एकटीने दिग्दर्शित करणाऱ्या त्या पहिल्या बाई.

शंकेखोर

@मिनू_पुणे, तो बदक नाही, हंस आहे. आणि जगभर बक्कळ कमाई केलेला सिनेमा "कुणी न पाहिलेला" कसा? धाग्याचा विषय वाचा.

मिनू_पुणे

हंस तर हंस. नूडल्स विकतो ना, बास.

कडक_भाकरी

मिनूताई, आई-बापाचं काही दुःखाचं आहे का त्यात? धाकटीचं अवघड आहे. मागच्या वर्षी 'हाऊ टू ट्रेन युवर ड्रॅगन २' लावला होता. त्यात तो दाढीवाला बाप जातो आणि तोही त्यांच्या लाडक्या ड्रॅगनच्याच हातून. रात्री दोनपर्यंत हुंदके. "टूथलेसनं मुद्दाम नाही ना केलं?" हे मला शंभर वेळा सांगायला लागलं.

होटगीरोड_३

मग काय झालं? पोरं रडली तर रडू द्यावीत. आपण श्यामची आई ऐकत मोठे झालो की. हल्ली सगळं गुळगुळीत करून द्यायचं बघतो आपण. ड्रॅगन २ मला पहिल्यापेक्षा सरस वाटतो, तो त्या मरणामुळेच. पुढं त्या पोराला सरदार व्हायचंय. बाप असेस्तोवर कसा होईल?

गड्ड्यातला_पाळणा

काका, रात्री दोनला पोरगं तुमच्याकडं पाठवून देऊ का ताईंचं?

होटगीरोड_३

पाठव बे. माझ्याकडं एसी आहे.

चिवडा_चहा

एसी म्हटल्यावर मीच येतो रडायला.

सातरस्ता

बरेच दिवस नुसता वाचतोय, आज लिहितो.

मरणाचा विषय निघाला म्हणून 'बॅम्बी २' सांगतो. २००६ चा, अमेरिकेत थिएटरला न लागता थेट डीव्हीडीवर आलेला. पहिला १९४२ चा. पहिल्यात आईला गोळी लागते आणि पुढच्या प्रसंगात बॅम्बी बघता बघता मोठा झालेला असतो. मधलं काहीच दाखवलेलं नाही. दुसरा भाग त्या मधल्या दिवसांचा आहे. नुसता बाप आणि लेक. बाप म्हणजे जंगलाचा राजा, त्याला पोराशी बोलता येत नाही. तो घुबडाला सांगतो, याला सांभाळेल अशी एखादी हरिणी बघ, तोवर मी ठेवतो.

माझी बायको गेली तेव्हा मुलगा सात वर्षांचा होता. मी शिफ्टमध्ये काम करायचो. सगळ्यांनी ठरवलं, जूनपासून पोराला मावशीकडं ठेवायचं, शाळा तिकडंच. मला ते पटलंही होतं. मेमध्ये एका दुपारी हा सिनेमा लागला. मला काय माहीत त्यात काय आहे. हरिणांचा आहे म्हणून लावला. अर्ध्यात माझ्या लक्षात आलं की तो पडद्याकडं बघतच नाहीये, माझ्याकडं बघतोय.

संपल्यावर त्यानं विचारलं, "मावशीकडं कधी जायचंय?" मी म्हटलं, जायचं नाही.

आता तो इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. सिनेमा म्हणून तसा साधाच आहे, मधे गाणी आहेत ती नसती तरी चाललं असतं. रंग मात्र जुन्या बॅम्बीसारखे धुक्यातले ठेवलेत. ताईंच्या धाकटीला चालेल असं वाटतं, कारण आईचं मरण यात दाखवत नाहीत. पण आधी एकदा स्वतः बघून घ्या.

जेकार्ड_अण्णा

नमस्कार घ्या दादा.

होटगीरोड_३

मघाशी मी जरा फटकून लिहिलं. असो. बॅम्बी २ बघतो.

मिनू_पुणे

मी ऑफिसात आहे आणि डोळे पुसतेय. सातरस्ता, लिहीत जा हो.

थेट_सीडीवर

"थेट डीव्हीडीवर" वाचून राहवलं नाही. नव्या पेठेत एक सीडीवाला होता, दिवसाचे दहा रुपये, उशीर झाला तर दंड. त्याच्याकडून मी असे किती दुसरे भाग आणलेत त्याला गणती नाही. बहुतेक टुकार. १९९४ च्या 'रिटर्न ऑफ जाफर'पासून ('अल्लादीन'चा दुसरा भाग) डिस्नेनं हा धंदा लावला. थिएटरचा खर्च नाही, कमी पैशात काढायचे आणि घरोघरी विकायचे. त्यात जिनीला रॉबिन विल्यम्सचा आवाजसुद्धा नाही, कारण स्टुडिओशी त्यांचं बिनसलं होतं.

पण त्या उकिरड्यातही दोन-तीन हिरे सापडले.

एक, 'अल्लादीन अँड द किंग ऑफ थीव्ज', १९९६. रॉबिन विल्यम्स परत आलेत आणि सुटलेत नुसते. लग्नाच्या मांडवात चाळीस चोर घुसतात आणि अल्लादीनला आपला बाप सापडतो.

दोन, 'सिंड्रेला ३', २००७. हसू नका. सिंड्रेला २ चुकूनही बघू नका, पण तिसरा बघा. सावत्र आई जादूची कांडी पळवते आणि काळच मागे फिरवते. काचेचा बूट सावत्र बहिणीच्या पायात बसतो! आता सिंड्रेलाकडं ना कांडी, ना परी. सगळं स्वतःच्या हिकमतीवर करायचंय. पहिल्या भागात राजपुत्र नुसता नाचून जातो, इथं तो चक्क खिडकीतून उडी मारून तिच्यामागं पळतो. आणि ती सावत्र बहीण ॲनास्टेशिया, तिची दया यायला लागते. घरी तीन बहिणी, मी एकटा भाऊ, मतदानात हरून बघितला होता. आता लपून परत बघतो.

चिवडा_चहा

"आता लपून परत बघतो." हे वाक्य मी जपून ठेवणार आहे.

शंकेखोर

कुणीतरी 'पॅडिंग्टन २' सांगण्याआधीच सांगतो, त्यात अस्वल तेवढं संगणकावरचं, बाकी माणसं खरी. त्यामुळे या धाग्यात बसत नाही. (सिनेमा उत्तम आहे. मुरंब्याचा प्रसंग मी चार वेळा पाहिला.)

गड्ड्यातला_पाळणा

कुणी सांगितलाच नव्हता की ओ! तुम्हीच सांगितला आणि तुम्हीच हाकलला.

अंगणवाडी_ताई

लहानग्यांसाठी 'विनी द पू', २०११ चा. तासाभराचा, हातानं काढलेला. अमेरिकेत हॅरी पॉटरच्या शेवटच्या भागाच्याच दिवशी लागला बिचारा, कोण विचारणार त्याला. पोरगा चिठ्ठी ठेवून जातो, लवकर येतो म्हणून. घुबड ती चुकीची वाचतं आणि सगळ्यांना वाटतं त्याला 'बॅक्सन' नावाच्या राक्षसानं पळवलं. मग राक्षसाला पकडायला खड्डा खणतात आणि स्वतःच आत पडतात. बाहेर कसे येतात? पुस्तकातली अक्षरं खड्ड्यात पडतात, त्यांची शिडी करून! आमच्याकडं पोरांना नुकती अक्षरओळख झालेली असते. हा प्रसंग दाखवल्यावर एकानं पाटीवर 'म' आडवा काढला. मी म्हटलं हे काय, तर म्हणे "पायरी आहे."

शंकेखोर

पण हा दुसरा भाग...

चिवडा_चहा

गप की ओ.

गड्ड्यातला_पाळणा

आता माझा नंबर. सासूबाईंची अट सगळे विसरले.

'शॉन द शीप: फार्मागेडन', २०१९. आख्ख्या सिनेमात एक धड वाक्य नाही. मेंढ्या ब्या करतात, शेतकरी पुटपुटतो, बास. आमच्या वाड्यात खाली तेलुगू, वर कन्नड, मधे आम्ही, समोर उर्दू बोलणारे. उन्हाळ्यात रात्री गच्चीवर प्रोजेक्टर लावतो. हिंदी लावलं की आज्या उठून जातात, तेलुगू लावलं की आमची आई उठते. हा लावला तर एक माणूस हलला नाही बे. परग्रहावरचं एक पोर चुकून शेतात उतरतं आणि मेंढरू त्याला घरी पोचवायला निघतं, एवढीच गोष्ट.

सगळं मातीचं, म्हणजे बाहुल्या हातानं रेसभर हलवायच्या, फोटो काढायचा, परत हलवायच्या. दिवसभर खपून दोन-तीन सेकंदांचा सिनेमा होतो म्हणे एका माणसाचा. ऑस्करला नामांकनही होतं.

एक सल्ला. पडदा म्हणून सोलापुरी चादर लावू नका. आम्ही पहिल्या दिवशी लावली, मेंढ्यांच्या अंगावर नक्षी उमटली. आता आजोबांचं जुनं धोतर लावतो. पातळ असतंय, निम्मी पोरं मागच्या बाजूनं बघतात, उलटं.

जेकार्ड_अण्णा

चादरीला दोष देऊ नका. धोतरावर दाखवणं आमच्या लहानपणी तंबूत चालायचं, तिथंही गरीब माणूस मागून बघायचा.

थेट_सीडीवर

आपल्याकडचा एकही नाही का यादीत? 'रिटर्न ऑफ हनुमान', २००७. पहिला 'हनुमान' २००५ चा, व्ही. जी. सामंतांचा, तो सगळ्या शाळांनी पोरांना नेऊन दाखवला. दुसऱ्याचा दिग्दर्शक अनुराग कश्यप, हे सांगितलं की लोकांना पैज मारल्यासारखं वाटतं. हनुमान पुन्हा जन्म घेऊन शाळेत जातो. ॲनिमेशन आज जुनाट वाटेल, पण चित्रगुप्ताचं ऑफिस बघून आमचे वडील, जे जन्मभर सरकारी कचेरीत होते, ते खुर्चीवरून पडायचे बाकी होते.

होटगीरोड_३

ताई गायब झाल्या. धागा काढायचा आणि पळायचं.

कडक_भाकरी

पळाले नाही हो, पाणी आलं होतं.

चार दिवसांचा अहवाल देते.

सोमवारी अण्णांचा 'रेस्क्यूअर्स'. अल्बाट्रॉस पक्षी पाठीवर उंदीर घेऊन धावपट्टीवर कोसळतो तिथं लाईट गेली. सव्वा तास. तेवढ्या वेळात पोरांनी गादीवर विमानतळ केला आणि थोरल्यानं धाकटीला पाठीवर घेऊन कपाटाला धडक दिली. लाईट आल्यावर पुढचा बघितला. तो शिकारी जेवत असतो आणि त्याची घोरपड डब्यातली अंडी एकेक करून पळवते, तो प्रसंग तीनदा मागे नेऊन बघितला. सासूबाई हिंदीचं एक अक्षर न कळता म्हणाल्या, "आता ह्याला पोराचं मर्म कळलं बघ. अंड्यात जीव आहे त्याचा." आणि खरंच पुढं तसंच झालं.

मंगळवारी शॉन. सासूबाईंना तो शेतकरी फार आवडला. नवीन कापणी यंत्र घ्यायचंय म्हणून परग्रहवाल्यांच्या नावानं जत्रा भरवतो, तर त्या म्हणतात, "शाणा आहे. सोसायटीचं कर्ज काढण्यापेक्षा हे बरं." आता त्या रोज "ते मेंढराचं लाव" म्हणतात.

बुधवारी सिंड्रेला ३ लावणार होते, पोरांनी मतदानात पाडला. @थेट_सीडीवर, सहानुभूती आहे. दुपारी सगळे झोपल्यावर मी एकटीनं बघितला. राजपुत्राची उडी छान आहे.

बॅम्बी २ मी आधी स्वतः बघितला, दादांनी सांगितलं म्हणून. पोरांना अजून दाखवलेला नाही. दाखवेन. पांडा राहिलाय, तो भाचा जायच्या आदल्या रात्री.

आणि भाच्याचं म्हणाल तर, रेस्क्यूअर्स त्याला प्रचंड आवडला. इतका की तो दुसरा भाग आहे हे त्याला मान्यच नाही. "मामी, हा फर्स्ट पार्टच असणार. तुला कुणीतरी चुकीचं सांगितलंय."

शंकेखोर

भाच्याला माझा आयडी द्या.

जेकार्ड_अण्णा

हाहा. सासूबाईंना नमस्कार सांगा. पिसं बघितली का पोरांनी?

कडक_भाकरी

बघितली अण्णा. थोरल्यानं वहीत गरुड काढलाय. चौकटीच्या वहीत, एकेक चौकोन भरत. मी काही सांगितलं नव्हतं, गणिताची वही हाताशी होती म्हणून.

चिवडा_चहा

मला अजून सिनेमा आठवला नाही. पण कुणीतरी सांगा, कूलरचं गवत चांगलं कुठं मिळतंय? आमचं पार कुजलंय, घरभर म्हशीच्या गोठ्याचा वास सुटलाय.

होटगीरोड_३

वेगळा धागा काढ. आणि गवत नको, वाळ्याचं घे.